मॅरिटच्या वाट्याचं सोनं

१९ सप्टेंबर १९९९, रविवार

परवा टेलिफोन कंपनीचा माणूस येऊन तार तोडून गेला. "काका, लोक जोडून मागतात, तुम्ही तोडून मागताय," म्हणाला. मी म्हटलं, एक जानेवारीला सन दोन हजार लागलं की तुझ्या संगणकांना झीट येणार आहे, तेव्हा सगळ्यांचेच तुटतील. मी आधी नंबर लावला. हसला येडपट. हसू दे.

घरात आता मी आणि टिपी. टिपी मॅरिटची कुत्री, माझी नाही. मी पुढ्यात खाणं ठेवलं तरी असं बघते, जसं काही मीच तिच्या मालकिणीला हाकललंय. म्हणून ही वही. कुणाशी तरी बोलायला हवं, नाहीतर डोकं फिरेल माझं.

मी हाकललेलं नाही. मॅरिट एप्रिलात ॲरिझोनाला गेली, मुलीकडे, जोलीनकडे. पोटात दुखतं, तिकडं मोठे डॉक्टर आहेत म्हणे. दुखणं कसलं, राग तो! मी वासरं विकून सोन्याची पहिली गरुडछाप नाणी मागवली आणि त्याच आठवड्यात हिचं पोट दुखायला लागलं. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईचा राग कुठं जाऊन बसतो ते मला माहीत नाही का? जोलीन फोनवर किंचाळायची, "बाबा, एकदा तरी या!" कसा येऊ? घर कोण राखणार? पण तार तोडायच्या आदल्या दिवशी मॅरिट स्वतः बोलली. आवाज अगदी बारीक. "मला घरी यायचंय, ओरिन." मी म्हटलं, ये की मग, अडवलंय कुणी?

पण यायचंय म्हणाली, हे खरं. डिसेंबर संपायच्या आत ती या घरात हवी. त्यानंतर विमानं उडणार नाहीत, बँका उघडणार नाहीत, आणि ती तिकडं वाळवंटात अडकून पडेल. बाकी सगळं गेलं खड्ड्यात, मला मॅरिट परत हवीय.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

पार्सल आलं. ट्वायलानं पोस्टाच्या काउंटरवर धप्पकन आपटलं. "काय मागवतोस रे इतकं जड? नांगराचे फाळ?"

"पुस्तकं."

"तू आणि पुस्तकं! शाळेत माझ्या वहीतनं उतरवायचास." रजिस्टर्ड म्हणून सही घेतली आणि डोळे बारीक करून बघत बसली. बघ म्हटलं, काय बघायचं ते.

माझी पद्धत मी सोडत नाही. दुकानदार पाठवतात तो डबा साधा, वर तपकिरी कागद, दुकानाचं नाव नाही, नुसता कुठल्यातरी गल्लीचा पत्ता. शिक्का दर वेळी वेगळ्या गावचा, कधी टेक्सास, कधी मिनेसोटा. हीच तर त्यांची हुशारी. घरी आणलं की वजनकाट्यावर ठेवायचं. मग वरचा कागद, पत्ता, चिकटवलेलं पाकीट, सगळं न वाचता शेगडीत. कागद उरला की चोर आलाच समजा. आतला डबा उघडायचा नाही. टांकसाळीचं सील तुटलं की घेणारा भाव पाडतो. डेल म्हणून माझा फोनवरचा विक्रेता आहे, तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मिस्टर हालवर्सन, नाणी बघायचा मोह झाला तर मला सांगा, मी रंगीत चित्र पाठवतो. डबा मात्र उघडू नका." आणि कुणाला सांगू नका, आणि घरच्या फोनवर बोलू नका. मी तिन्ही पाळतो.

डबा मग खुराड्यात. फळी उचकटायची, खड्डा, डबा, माती, फळी, वर पेंढा. मॅरिटच्या कोंबड्या वर बसून राखण करतात. त्यांना पगार नाही.

६ ऑक्टोबर, बुधवार

भाव उसळला! पेट्रोलपंपावरच्या फोनवरून डेलला गाठलं. तो धापा टाकत होता. "आज घेताय की उद्या रडताय?" ओढ्याकाठचं कुरण विकल्याचे पैसे आलेच होते. मी 'हो' म्हटलं. या धंद्यात फोनवरचा 'हो' म्हणजे सही. आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर, एकाच डब्यात.

हा मॅरिटचा वाटा. कुरण तिच्या वडिलांकडून आलेलं, तेव्हा सोनं तिचंच. ती आली की खुराड्यात नेऊन दाखवणार आणि म्हणणार, घे, हे तुझं, आता बोल. मग बघू पोट कसं दुखतं ते.

डेल म्हणाला, अख्खा देश मागतोय, टांकसाळीला दम खायला फुरसत नाही, उशीर होईल.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

नाही आलं. ट्वायला म्हणते, "पुस्तकं अजून छापतायत वाटतं." रोज हाच विनोद.

४ नोव्हेंबर, गुरुवार

आलं! आलं एकदाचं!

ट्वायलानं आज आपटलं नाही. दोन्ही हातांनी उचलून हळूच माझ्यासमोर ठेवलं. मग काउंटरला वळसा घालून बाहेर आली. इतक्या वर्षांत ही बाई काउंटर सोडून बाहेर आलेली मी पाहिलेली नाही. डोळे लाल. सर्दी असणार. मी डबा हातावर तोलला. जड, मस्त जड! मला हसूच फुटलं. "किती दिवस डोळे लावून बसलो होतो!" म्हटलं आणि डब्याचा मुका घेतला, सगळ्यांदेखत. ट्वायलाचा चेहरा पांढराफटक पडला.

"एकटा नेशील ना, ओरिन? मी येऊ का सोबत?"

"तू कशाला? वाटा मागायला?"

ट्वायला तरी आलीच. बाहेर येऊन माझ्या गाडीचं दार धरून उभी राहिली. "हळू चालव," एवढंच.

शिक्का ॲरिझोनाचा होता. तिकडंही त्यांचं गोदाम असणार. मॅरिट आहे तिकडूनच तिचा वाटा आला, हा शुभशकुनच म्हणायचा.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

काट्यावर वजन जवळजवळ हिशेबात बसलं. कागद, पाकीट जाळलं. डबा पुरला, पण आज सगळं विचित्र झालं.

टिपी खुराड्याजवळ कधी फिरकत नाही, कोंबडा टोचतो तिला. आज माझ्या मागं मागं आली. डबा खाली ठेवला तशी त्याच्याभोवती नाचायला लागली, शेपटी हलवत, कुईंकुईं करत. मॅरिट बाजार करून यायची तेव्हा करायची तस्सं. मी हाड म्हटलं तर हटेना. माती ओढून झाल्यावर बघतो तर माझी टोपी माझ्या हातात. कधी काढली, कशाला काढली, कोण जाणे. खुराड्यात कुणी टोपी काढतं का?

बाहेर आल्यावर वळून पाहिलं. सगळ्या कोंबड्या त्याच एका फळीवर एकमेकींना चिकटून बसलेल्या. बाकीची घरटी रिकामी. आवाज एकीचाही नाही.

१० नोव्हेंबर, बुधवार

गावाला सोन्याचा वास लागलाय.

सकाळी दार उघडलं तर ओट्यावर झाकलेलं भांडं. बटाटा आणि खिमा, वर चीज, अजून गरम. दुपारी दुसरं. संध्याकाळपर्यंत एक अख्खा हॅम, दोन ॲपलपाय, आणि हिरव्या जेलीचा डोंगर. कुणी दार वाजवलं नाही, ठेवलं आणि पळाले. प्रत्येक भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं, म्हणजे भांडं परत न्यायच्या निमित्तानं घरात घुसायला मोकळे! सात महिने माझी बायको घरात नाही, तेव्हा कुणाला माझ्या पोटाची काळजी नव्हती. आत्ताच बरी आठवण झाली?

हॅमचा तुकडा आधी टिपीला टाकला. तासभर थांबलो. टिपी धडधाकट. मग मीही खाल्ला. हॅम चांगला होता, ते कबूल.

१३ नोव्हेंबर, शनिवार

कॉफी प्यायला गावात गेलो. आत शिरलो आणि सगळे गप्प. मी कोपऱ्यात बसलो. जाताना एकेक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. ज्या माणसानं कुंपणावरून माझ्याशी अकरा वर्षं बोलणं टाकलंय, त्यानंसुद्धा ठेवला! पैसे द्यायला गेलो तर म्हणे कुणीतरी देऊन टाकलेत.

म्हाताऱ्या एइनारला ऐकू कमी येतं म्हणून तो हळू बोलतोय असं समजून ओरडतो. पाठीमागनं ऐकलं मी. "आपल्या लोकांत असं करत नाहीत बाबा, सरळ पुरतात. एवढ्याशा डब्यात सगळं मावतं तरी कसं?" त्याच्या सुनेनं त्याला गप्प केलं.

डबासुद्धा माहीत आहे यांना. ट्वायलानं बोंब मारली, दुसरं कोण!

१७ नोव्हेंबर, बुधवार

चर्चचा पास्टर लिंडाल आला होता. मी दार उघडलं नाही, आतूनच बोललो.

"ओरिन, मी काही मागायला आलेलो नाही. मॅरिटबद्दल बोलायचंय. विधी कधी करायचा, कसा करायचा..."

"मॅरिटशीच बोला. ती येतेय वर्ष संपायच्या आत."

फटीतून बघितलं. टोपी छातीशी धरून उभा होता, बर्फ पडत होता डोक्यावर. "ओरिन, तुला ठाऊक आहे ना रे?" म्हणाला.

"मला सगळं ठाऊक आहे! अख्ख्या गावाला काय हवंय तेही ठाऊक आहे!"

"बरं," म्हणाला. "मी जोलीनला फोन करतो."

"करा की! म्हणावं, आईला घेऊन ये."

गेला. विधी म्हणे! नव्या सालाची प्रार्थना ठेवून वर्गणी काढायची असेल. दानपेटीत सोनं टाकीन असं वाटलं की काय याला?

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

काय लिहू आणि कसं लिहू.

पोस्टात पार्सल होतं. तपकिरी कागद, जड, शिक्का टेक्सासचा. मी कशाचीही वाट बघत नव्हतो. माझं सगळं आलेलं आहे. पेट्रोलपंपावर जाऊन डेलला विचारलं. म्हणाला, "अभिनंदन मिस्टर हालवर्सन, तीच तुमची मोठी ऑर्डर. उशिराबद्दल माफ करा."

"मग चार तारखेला आली ती?"

"चार तारखेला आम्ही काहीच पाठवलेलं नाही."

"ॲरिझोनाहून!"

"ॲरिझोनात आमचं कुणीच नाही, सर."

फोन ठेवला आणि तिथंच गाडीत बसून राहिलो. मग माझ्या खुराड्यात तीन आठवडे काय पुरलेलं आहे?

२९ नोव्हेंबर, सोमवार

उकरून काढला. कोंबड्यांना हातानं बाजूला करावं लागलं, उठेनात.

कानाशी धरून हलवला. नाण्यांच्या नळ्या घट्ट बसलेल्या असतात, आवाज करत नाहीत. हा करतो. खस्स. बारीक खडी भरल्यासारखा. डोक्यात लख्ख उजेड पडला. खोटा डबा! कुणीतरी मुद्दाम पाठवला, मी माल कुठं पुरतो ते बघायला. आणि गाव सामील आहे त्यात. ती जेली, तो हॅम, खांद्यावरचे हात! आत्ता कळलं.

ओढ्यात फेकून देणार होतो. टिपी आडवी आली, दात दाखवले मला. जन्मात तिनं कुणाला दात दाखवलेले नाहीत. शेवटी स्वयंपाकघरात आणला. नजरेसमोर हवा म्हणून टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर ठेवला. ती मॅरिटची खुर्ची, पण दुसरी कुठली नजरेसमोर येत नाही.

८ डिसेंबर, बुधवार

टिपी त्या खुर्चीखाली झोपते. माझ्या हातून खाते आता.

मी त्या डब्याशी बोलायला लागलोय. आधी शिव्या दिल्या. मग हवापाण्याचं बोललो. आज सकाळी बघतो तर मी दोन कप कॉफी ओतलेली, एक माझ्यापुढं, एक तिकडं. दुसऱ्यात साखर घातलेली. मी साखर घेत नाही.

स्वयंपाकघरात असं वाटत राहतं की कुणीतरी आत्ता, या क्षणाला उठून आतल्या खोलीत गेलंय. मान वर करावी तर कुणी नाही. भीती वाटते. खरं सांगतो, वाटते. पण डबा बाहेर नेऊन ठेवला की त्याहून जास्त वाटते, म्हणून परत आणतो. उन्हाळ्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती मला. चोरांच्या डब्यानं झोप कशी लागते माणसाला? याला काय म्हणायचं?

२० डिसेंबर, सोमवार

उघडला. सील तुटलं तर तुटलं.

आत जाड प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत करड्या रंगाची भरड, मध्ये मध्ये पांढुरके खडे. सोनं नाही, चांदी नाही, काही नाही. आणि वर, माझी थट्टा करायला, नाणं म्हणून एक पत्र्याची चकती! भोक पाडलेली, नंबर ठोकलेली, आगीत काळवंडलेली. एवढ्या नाण्यांच्या बदल्यात एक चकती. वा रे वा!

चकती शर्टाच्या खिशात टाकली. जो कुणी सापडेल त्याच्या तोंडावर मारीन. डोळ्यांतनं पाणी आलं. संतापानं. खूप वेळ येत राहिलं, थांबेचना. म्हातारपणात डोळेसुद्धा ऐकत नाहीत.

२७ डिसेंबर, सोमवार

ट्वायला गाडी घेऊन घरापर्यंत आली. मी आत घेतलं नाही. काच खाली करून म्हणाली, "जोलीनचा पोस्टात फोन आला होता. एकतीसला पोचतेय. पास्टरनं तिला सांगितलं, तू अजून मानायला तयार नाहीस."

"मॅरिटही येणार ना?"

ट्वायला माझ्याकडे बघत राहिली. "तिला घरी यायचंच होतं रे, ओरिन," म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. आणि गाडी फिरवून गेली.

मी काय मानायचं राहिलंय ते नाही कळलं. बायका आनंदानंही रडतात, एवढं कळतं. येतेय! मॅरिट येतेय!

२९ डिसेंबर, बुधवार

सगळं घर धुतलं. चादरी बदलल्या. भांडी घासून, नावाच्या पट्ट्या बघून, ज्याच्या त्याच्या ओट्यावर ठेवून आलो. जाऊ दे, मॅरिटला गावाशी भांडण आवडत नाही.

काल पाऊस पडला आणि रात्रीतून गोठला. पायऱ्या, अंगण, फाटकापर्यंतची वाट, सगळी काच. मॅरिटला बर्फावर चालायची दहशत, माझा दंड धरल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. शेगडीतली राख टाकली, ती दोन पायऱ्यांतच संपली. मीठ नाही. मग ती पिशवी आठवली. फुकटचा माल, निदान कामी तरी येईल.

पायऱ्यांवर टाकली. मग मुठीमुठीनं वाटभर, गाडी थांबते तिथंपर्यंत. तळहाताला मऊ लागत होती, मध्येच एखादा खडा. वारा अजिबात नव्हता. मी शीळ घालत होतो, बऱ्याच दिवसांनी. पिशवी झटकून झटकून रिकामी केली. पाय दाबून बघितला. बर्फ घट्ट धरतो, पाय सरकत नाही. ज्यानं पाठवली त्याचे आभार मानायला हवेत.

टिपी माझ्यामागं वास घेत आली आणि वाटेच्या मधोमध आडवी पडली. हाका मारल्या तरी आत येत नाही.

स्वयंपाकघर आज फार रिकामं वाटतंय. त्या डब्याची सवय झाली होती, दुसरं काय!

३१ डिसेंबर, शुक्रवार

दाढी केली. तिनं विणलेला स्वेटर घातला. कॉफी ठेवलीय. आज काय बंद पडायचं ते पडू दे, मला फिकीर नाही.

गाडी आली. खिडकीशी बसून लिहितोय. एकच डोकं दिसतंय, ते जोलीनचं. मॅरिट मागच्या सीटवर आडवी झाली असेल. लांबचा प्रवास, आणि ते पोट.

जोलीन उतरली. किती वाळलीय पोर! काळा कोट, हातात पांढरी फुलं. डिसेंबरात फुलं कुठून आणली हिनं? गाडीचं दार लावलं. मागचं दार उघडलं नाही. आई झोपलीय म्हणून असेल.

येतेय वाटेवरून. टिपी उठून उभी राहिली, पण तिच्याकडे धावली नाही. जोलीन सरळ चाललीय, एकदाही पाय घसरला नाही. मी काचेतून ओरडलो, "बिनधास्त ये गं! आईसाठी टाकलंय सगळं, तिलाही सांग, अजिबात घसरत नाही!" तिला ऐकू आलं नसावं. ती विचारतेय काहीतरी, "आई कुठंय? कुठं ठेवलीत?" असंच काहीसं. मलाच विचारतेय! गाडी हिची, आणि मला विचारतेय.

पायरीवर उभी राहून बूट आपटतेय, तळव्याला चिकटलेली भरड झाडून टाकतेय. दार उघडतो तिला. मग गाडीपाशी जाऊन मॅरिटला हात देतो.